बागेतला डेटा लॉगर दहा दिवसात झोपतोय, मोडेमचं काय करू?

डाळिंबवाला_सांगोला
नमस्कार मंडळी, मी सोलापूरला असतो, मामाची डाळिंबाची बाग सांगोल्याकडं. तिथं ओलावा आणि तापमान मोजायला डबा बसवलाय, ३.३ व्होल्टचा प्रो मिनी (छोटा आर्डुइनो बोर्ड), सिमवरून डेटा पाठवणारा सिम८००एल मोडेम, २६०० एमएएचचे दोन १८६५० लिथियम सेल पॅरललमधे. दर तासाला रीडिंग घेऊन पाठवतो. प्रो मिनी झोपवला, त्याचा एलईडी उपटला, तरी दहा दिवसात सेल खाली. आता फळ मोठं व्हायला लागलंय, पाणी कमीजास्त झालं की फळ तडकतं, नेमका आत्ताच डबा बंद पडून चालणार नाही. सोलर लावू, मोठी बॅटरी घेऊ का मोडेम बदलू?

सर्किटताई
आधी सांगा, मधल्या वेळात मोडेम काय करतो? टॉवर धरून बसत असेल तर सरासरी २० मिलिअँप धरा, दिवसाला ४८० एमएएच, तुमच्या ५२०० ला अकरा दिवससुद्धा नाही. तुमची बॅटरी तिथंच जातीय. रीडिंग तासालाच घ्या पण मेमरीत साठवा आणि दिवसातून चारदाच पाठवा. एका खेपेला मोडेम मिनिटभर चालला आणि सरासरी १५० मिलिअँप धरलं तरी अडीच एमएएच, चार खेपांचे दहा. बाकी वेळ सप्लायच तोडा, स्लीप मोडवर भागवू नका, स्लीपमधेही हा एक मिलिअँपच्या आसपास घेतोच.

डाळिंबवाला_सांगोला
ताई, तोडून बघितलं होतं, ग्राउंडच्या (मायनसच्या) वायरीत एन चॅनल मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, टाकून. बंद केलं तरी मोडेमचा एलईडी मिणमिणत राहतो. दुकानात म्हणाले मॉस्फेट खराब, दुसरा आणला, तेच.

भीमाकाठ
मॉस्फेट चांगलाय दादा. ग्राउंड तोडलं पण टीएक्स-आरएक्सच्या (डेटा पाठवायच्या-घ्यायच्या) वायरी जोडलेल्याच आहेत ना, करंट त्यातून वाट काढतो. प्लस बाजू तोडा, पी चॅनल मॉस्फेटनं. गेट (मॉस्फेट चालू-बंद करणारी पिन) मात्र थेट प्रो मिनीच्या पिनला देऊ नका, सेल भरलेला असतो ४.२ ला, पिन देते ३.३, मधे ०.९ व्होल्टचा फरक राहतो आणि मॉस्फेट पूर्ण बंद होईलच असं नाही. मधे छोटा एनपीएन ट्रान्झिस्टर टाका, गेटला १०० केचा पुलअप (गेट प्लसकडं ओढून ठेवणारा १०० किलोओहमचा रेझिस्टर). आणि सप्लाय तोडला की सिरीयल बंद करून टीएक्स पिन लो (शून्य व्होल्टला) ठेवा, नाहीतर हाय राहिलेली पिन मागच्या दारानं मोडेमला करंट पुरवते. माझ्या विहिरीच्या लेव्हलच्या डब्यात हे सापडायला दोन महिने गेले.

सर्किटताई
बरोबर. तोडायच्या आधी पॉवर डाउनची कमांड द्या. आणि हा मोडेम पाठवताना क्षणभर २ अँपपर्यंत ओढतो, व्होल्टेज ३.४ च्या खाली गेलं की बंद पडतो, परत चालू, परत टॉवर शोधणं, परत बंद, ह्यातच सेल संपतात. वायरी आखूड आणि जाड घ्या, मोडेमच्या अगदी जवळ १००० मायक्रोफॅरॅडचा लो ईएसआर (आतला रोध कमी असलेला) कपॅसिटर लावा. ९० सेकंदात टॉवर नाही मिळाला तर बंद करा, डेटा पुढच्या खेपेला जाईल.

अक्कलकोटकर
सिम कुठलंय बघा, हा मोडेम टूजीवरच चालतो, जिओचं सिम चालणार नाही. नवीन घ्यायचाच झाला तर फोरजी कॅट वन (फोरजीचाच कमी वेगाचा प्रकार) घ्या. सोलरचं म्हणाल तर आपल्याकडं उन्हाळ्यात बाहेरच ४२-४३ डिग्री, बंद डब्यात त्याच्याही वर, आणि लिथियम सेल ४५ च्या वर चार्ज करू नये. डबा पांढरा घ्या, झाडाच्या सावलीत बांधा.

डाळिंबवाला_सांगोला
झालं! मॉस्फेट प्लसला, एनपीएन टाकला, टीएक्स लो. सेलच्या वायरीत मल्टिमीटर लावून बघितलं, आधी १९ मिलिअँप होते, आता ०.११. एलईडी पार विझला. मनापासून आभार सगळ्यांचे, रविवारी बागेत बसवतो. ताई, टॉवर नाही मिळाला तर तासाभरानं परत बघू का सहा तासांनीच?

सर्किटताई
सहा तासांनीच. ओलावा एकदम खाली आला असेल तरच मधे एकदा.