मदत हवी आहे: शाहू स्टेडियमवर सेमीफायनल, सोबत गुडघा बदललेले आण्णा आणि एक फितूर नात

पेठेतला पुणेकर

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी दुपारी चारला कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर एका फुटबॉल चषकाची सेमीफायनल आहे. आमच्या तालमीचा संघ विरुद्ध त्या तालमीचा. दोन्ही नावं मुद्दाम लिहीत नाही. लिहिली की पाचव्या प्रतिसादापासून धागा भलतीकडे जाणार आणि माझा प्रश्न तसाच लोंबकळत राहणार. कोल्हापूरकरांनी ओळखलं असेलच, ओळखून गप्प बसावं.

तर अडचण अशी. मी गेली सोळा वर्षं पुण्यात. आण्णा (वडील, वय ७४) कोल्हापुरात, आमच्या पेठेतच राहतात. सत्तरच्या दशकात तालमीकडून लेफ्ट हाफ खेळले. गुडघ्यापायी दोन सीझन स्टेडियमचं तोंड पाहिलेलं नाही, गेल्या दिवाळीनंतर उजवा गुडघा बदलला. सामना असला की गच्चीत खुर्ची टाकून बसतात. घर स्टेडियमपासून फार लांब नाही. आरोळी ऐकून सांगतात, "आपला नव्हं, त्यांचा झाला." मागाहून फोन करून खात्री केली तर दहातले नऊ वेळा बरोबर असतात.

आता मुलगी. वय ११, जन्म पुण्याचा. बायकोचं माहेर दुसऱ्या तालमीचं. दर मे महिन्यात पोरगी आजोळी जाते, मामा तिला सामने दाखवतो, आणि दोन वर्षांपूर्वी ती तिकडून गळ्यात त्यांच्या रंगाचा रुमाल घालूनच परत आली. आण्णा तिला 'फितूर' म्हणतात. ती त्यांना 'हरलेले आजोबा' म्हणते. दोघांचं एरवी उत्तम चालतं.

परीक्षा संपली म्हणून यंदा लवकर जातोय आणि दोघांनाही सामना बघायचाय. एकत्र. पण आण्णांना बसायचंय आपल्या पोरांत, नेहमीच्या जागी. मुलीला बसायचंय मामाच्या बाजूला. मी एकटा आणि हे दोघे. बायकोने स्पष्ट सांगितलंय, "मी येणार नाही. तू नेतोयस, तूच सांभाळ."

तर कृपया सांगा: हल्ली तिघांनी एकत्र बसण्यासारखी जागा कुठे असते? पायऱ्या कमी चढाव्या लागतील असं गेट कुठलं? गाडी कुठे लावू? आणि सर्वात महत्त्वाचं, म्हाताऱ्या माणसाची काठी पोलीस आत सोडतात का? आण्णांची काठी चांगली जाड वेताची आहे आणि चेहरा बघता ती फक्त चालण्यासाठी आहे असं कुणाला वाटणार नाही.

रंकाळ्याचा वारा

पहिलं म्हणजे गाडी स्टेडियमजवळ न्यायचीच नाही. सेमीफायनलला आजूबाजूच्या गल्ल्या दुपारी दोनपासूनच भरतात. बंदोबस्त लागला की रस्ता मध्येच बंद होतो आणि मग गाडी ना पुढे ना मागे. घर जवळ आहे म्हणताय ना? मग दारातनं रिक्षा करा, बॅरिकेडपर्यंत जा, आण्णांना सावकाश चालवत न्या. आणि सामना चारला असला तरी तीनच्या आत जागेवर बसलेलं बरं. आधीचा सामना असेल तर तोही बघून होतो.

सिमेंटच्या पायऱ्या एप्रिलात तव्यासारख्या तापतात. बसकर न्या. जाड. वर्तमानपत्रावर भागत नाही, मी गेल्या वर्षी करून बघितलंय.

झणझणीत

भावा, आण्णास्नी घिऊन या बिनधास्त. लेफ्ट हाफ म्हणजे आमच्या थोरल्या काकांच्या टायमाचं असणार, नाव कळवा खासगी निरोपातनं. पोरीचं तेवढं बघा. ११ वर्सात तालीम बदलली म्हंजे विषय हार्ड हाय.

कात्रजचा घाट

एक प्रामाणिक शंका. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला एवढ्या गर्दीत, उन्हात न्यायचं कशासाठी? हल्ली हे सामने मोबाईलवर थेट दिसतात. घरी पंख्याखाली बसून बघता येईल.

झणझणीत

@कात्रजचा घाट, तुमी गणपती बी मोबाईलवर बुडवता काय?

गोलकीपरची बायको

मी नवऱ्यासाठी बारा वर्षं तिथे जातेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दोन्ही तालमींच्या समर्थकांच्या बाजू वेगळ्या असतात, मध्ये पोलीस असतात. मोठ्या सामन्याला ही वाटणी फार कडक पाळतात, आणि पाळावीच लागते. मागे हुल्लडबाजीचे प्रकार झाले आहेत, ते कुणी लपवण्यात अर्थ नाही. त्यामुळे आण्णा इकडे आणि मुलगी तिकडे, तुम्ही मध्यंतराला ये-जा करणार, असा काही बेत डोक्यात असेल तर काढून टाका. सामना सुरू झाला की या टोकाचं माणूस त्या टोकाला जात नाही.

कुटुंबासह येणाऱ्यांनी दोन्ही गटांपासून लांब, खालच्या पायऱ्यांवर बसावं. गेटवर स्वयंसेवक असतात, त्यांना "म्हातारं माणूस आणि लहान मुलगी आहे" एवढं सांगितलं तरी ते बरोबर बाजूला पाठवतात. अलीकडे बायका-मुली बऱ्याच येतात, संकोच नको. स्वच्छतागृहाची अपेक्षा मात्र ठेवू नका, घरून जाऊनच निघा. सुटे पैसे ठेवा. पाण्याच्या बाटल्या गेटवर काढून घेतात असा माझा अनुभव आहे, म्हणून मुलीला निघतानाच पोटभर पाणी पाजा.

मुलीचा रुमाल पिशवीत. गळ्यात नाही. कुणी तिला काही करणार नाही, पण टोमणे मारतील आणि ११ वर्षांच्या मुलीला ते लागतात. माझ्या भाचीला लागले होते.

काठीचं: डॉक्टरांची चिठ्ठी खिशात ठेवा आणि आण्णांना सांगा, गेटवर जरा लंगडा.

पेठेतला पुणेकर

@गोलकीपरची बायको, मनापासून आभार. फक्त 'लंगडा' हे आण्णांना कोण सांगणार? वाचून दाखवलं तर म्हणाले, "लंगडायला मी काय फॉरवर्ड हाय?"

मडगावकर

आमच्याकडे फातोर्ड्याला धेंपो आणि साळगावकर यांचे सामने लहानपणी बघितलेत, पण तिथे हे क्लब उद्योगांच्या नावाचे. तालमीचा फुटबॉल संघ कसा काय असतो? तालीम म्हणजे कुस्ती ना? कुणी सांगेल का? (अवांतराबद्दल माफी.)

साठमारी

@मडगावकर, अवांतर नाही, मुद्द्याचंच आहे. कोल्हापुरात प्रत्येक पेठेची तालीम म्हणजे मूळ लाल मातीचा आखाडा. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबाग मैदान १९१२ चं. पुढे राजाराम महाराजांच्या काळात फुटबॉल रुजला. पोरं तीच, पेठ तीच, नाव तेच, म्हणून संघाचंही नाव तालमीचं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, संध्यामठ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी अशी ही सगळी मंडळी. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, १९४० ची. आधी लीग होते, मग एकामागून एक चषक. आता संघांत परदेशी खेळाडू असतात, गोव्यातली पोरंही येतात, पण बाकड्यावर बसून शिव्या घालणारे पेठेतलेच. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा, हे सांगितल्याशिवाय आमचा प्रतिसाद पूर्ण होत नाही.

आणि खुन्नस म्हणाल तर ती लांबच्यांशी नसते. एका शाळेत शिकलेल्या, एकमेकांच्या घरी सोयरीक असलेल्यांशी असते. धागाकर्त्याचं घर हे त्याचं चांगलं उदाहरण आहे.

धागाकर्त्याला: तिकीट आदल्या दिवशी मिळालं तर बघा. टायब्रेकरपर्यंत गेलं तर साडेसहा वाजतात आणि सुटल्यावर सगळा लोंढा एकदम बाहेर पडतो. जिंको-हरो, आण्णांना वीस मिनिटं जागेवर बसवून ठेवा.

कात्रजचा घाट

वाचतोय. मत मागे घेतो. पण निदान टोपी तरी घाला.

पेठेतला पुणेकर

अपडेट. कालच पुण्यात परत आलो. सगळ्यांनी एवढं लिहिलंत म्हणून काय झालं ते लिहितो, शिवाय एक नवीन मदत हवी आहे.

रिक्षा, बसकर, टोपी, सुटे पैसे, सगळं केलं. दारात रिक्षा आली तेव्हा आण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तयार होते, लग्नाला निघाल्यासारखे. गेटवर हवालदारांनी काठी हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली. मी चिठ्ठी काढायच्या आत त्यांनी आण्णांना विचारलं, "आजोबा, कुणाकडनं?" आण्णांनी तालमीचं नाव सांगितलं. हवालदारांनी काठी परत दिली. "ऱ्हाऊ दे, आज लागंल तुमाला."

जागा चांगली मिळाली, खालून तिसरी पायरी. एका टोकाला आमची पोरं, दुसऱ्या टोकाला त्यांची. दोन्हीकडे हलगी-घुमकं चालू, कुणाचा ठेका कुठला ते कळत नव्हतं. पहिली वीस मिनिटं आण्णा एक शब्द बोलले नाहीत. मी त्यांच्या पायांकडे बघत होतो. आमच्या लेफ्ट हाफनं पाय घातला की यांचा ऑपरेशनचा पाय पुढच्या पायरीवर दाबला जायचा. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम घरी कधी केला नाही, इथे नव्वद मिनिटं केला.

पूर्वार्धात आमचा गोल झाला, कॉर्नरवरून, डोक्यानं. आण्णा उठून उभे राहिले, काठीशिवाय. उत्तरार्धात त्यांनी बरोबरी केली. लांबून मारलेला फटका, गोलकीपरच्या हाताला लागून आत. पोरीला मी बजावून ठेवलं होतं की इथे ओरडायचं नाही. तिनं पिशवीत हात घालून रुमाल मुठीत धरला, दोन्ही गाल फुगवले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत तशीच बसली. आण्णा मैदानाकडेच बघत होते. तसेच बघत म्हणाले, "ओरड की. गोल झालाय न्हवं?"

मग ती जी ओरडली! पुढच्या पायरीवरच्या बाई दचकून वळल्या.

एक-एक बरोबरी, टायब्रेकर. आण्णांनी पाठ फिरवली. खरोखरच पाठ फिरवून, वरच्या पायरीकडे तोंड करून बसले. मी म्हटलं, एवढं येऊन हे काय? तर म्हणाले, "मला ऐकू येतंय." आणि येत होतं. प्रत्येक किकनंतर आधी आरोळी, मग यांचा निकाल: "गेला." "गेला." "त्यांचाबी गेला." आमच्या शेवटच्या किकला दोन्हीकडून आवाज आला, एकीकडून छोटा आणि दुसरीकडून मोठा. आण्णा म्हणाले, "बारला लागला." लागला होता. चार-तीन. हरलो.

@साठमारी यांचं ऐकून वीस मिनिटं बसून राहिलो, आणि तिथेच घोटाळा झाला. त्यांची पोरं कुंपणाला लागून नाचत आमच्या समोरून निघाली. त्यात मामाचा एक दोस्त होता, त्यानं पोरीला ओळखलं. झेंड्याचा बांबू मोडला होता म्हणे. "बाळ, ती काठी दे की दोन मिनटं." आणि आमच्या फितूर कन्येनं आण्णांच्या मांडीजवळची काठी उचलून सरळ कुंपणावरून दिली. त्यावर झेंडा चढला, हलगी लागली, मिरवणूक गेटातून बाहेर गेली ती गेलीच.

आण्णा माझ्या खांद्यावर हात ठेवून रिक्षापर्यंत आले. रस्ताभर पोरीशी बोलले नाहीत. पोरगीही रडवेली. शेवटी मी रिक्षा गंगावेशीत थांबवली, दूधकट्ट्यावर धारोष्ण दूध पाजलं दोघांना. तिच्या ओठांवर फेसाची मिशी आली तेव्हा आण्णा म्हणाले, "फितुरे, तोंड पूस."

तर नवीन मदत: मामाच्या त्या दोस्ताचा फोन लागत नाही, आणि मामा म्हणतो काठी पुढे कुणाच्या हातात गेली माहीत नाही. नवी घेऊन द्यायला मी तयार आहे, पण आण्णा ऐकत नाहीत. वीस वर्षांपूर्वी कोकणातून आणलेली काठी आहे. वेताची, जाड, मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेली. कुणाला दिसली तर सांगा.

गोलकीपरची बायको

मी तुम्हाला रुमाल पिशवीत ठेवा म्हटलं होतं. काठीचंही सांगायला हवं होतं.

झणझणीत

मुठीला निळी पट्टी? खालचं रबर जरा झिजलेलं?

पेठेतला पुणेकर

हो! निळीच! कुठे आहे?

झणझणीत

आमच्या तालमीत. आखाड्याच्या कोपऱ्यात हुबी हाय, झेंडा काढून ठेवलाय. (हो, मी तिकडचा. आधी बोललो नाय कारण तुमीच म्हणाला नावं नकोत.) वस्तादांनी सांगितलंय, कुणी हात लावायचा न्हाई, मालक येऊन घिऊन जाईल. आण्णास्नी पाठवा, च्या पाजतो.

पेठेतला पुणेकर

फोनवर सांगितलं त्यांना. खूप वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी त्या उंबऱ्याला पाय लावणार न्हाई. मे महिन्यात फितूर येईल तवा तिला पाठव."

तोपर्यंत कोपऱ्यातच राहू द्या. झिजलेलं रबर बदलायचं असेल तर माप सांगा, इथून पाठवतो.