हवाईचं संगीत: सुरुवात कुठून करू? गायक-गीतकार सुचवा

केवडा:
नमस्कार मंडळी. इझ्रायल कामाकाविवोओलेचं युकुलेलेवरचं इंद्रधनुष्याचं गाणं बहुतेकांनी ऐकलं असेल. पण ते मुळात हॉलिवूडचं. मला तिथल्या मातीतली, तिथल्या भाषेतली गाणी ऐकायची आहेत. शक्यतो स्वतः लिहून स्वतः गाणाऱ्यांची. बाबा ऑर्केस्ट्रात हवाइयन गिटार वाजवायचे, त्या वाद्याबद्दलही कुणी लिहिलं तर फार आवडेल.

तंतुवेडा:
केवडाताई, छान धागा काढलात. गॅबी पहिनुईपासून सुरुवात करा, हे माझं ठाम मत. तो गीतकार म्हणून नावाजलेला नाही, पण पुढच्या सगळ्यांची गिटार त्याच्यापर्यंत जाते. १८३०च्या दशकात बेटांवर मोकाट गुरं फार झाली, ती आवरायला मेक्सिकन गुराखी आणले गेले आणि त्यांच्यासोबत गिटार आली. हवाईच्या लोकांनी तारा सैल करून ती आपल्या पद्धतीने लावली. तीच स्लॅक-की.

घरी गिटार असेल तर करून बघा: सहावी तार ई वरून डी, पाचवी ए वरून जी, पहिली ई वरून डी. आता काहीही न दाबता छेडलीत तरी जी मेजर हा कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) वाजतो. अंगठा जाड तारांवर ठेका धरतो, बाकीची बोटं चाल वाजवतात. एकाच माणसाच्या हातून दोघांचं वाजवणं ऐकू येतं.

गॅबीचं 'हिइलावे' ऐका. वरवर पाहता वाइपिओ खोऱ्यातल्या धबधब्याचं गाणं, आत एका प्रेमप्रकरणाची चर्चा. कुजबुजणारे पक्षी म्हणजे गावातले चहाडखोर, आणि गाणारी म्हणते, मी तुमच्या हाती लागायची नाही, मी डोंगरावरचं धुकं आहे. आपल्या लावणीला हे आडून बोलणं चांगलं ठाऊक आहे.

मग डेनिस कामाकाही. तुम्हाला हवा तसा, स्वतः लिहिणारा आणि गाणारा. 'वाहिने इलिकेआ'मध्ये मोलोकाई बेटावरचे तीन धबधबे नावानिशी येतात. २०१४ साली तो गेला.

सह्यवारा:
वरच्या यादीला अनुमोदन, पण राणीशिवाय ती अपुरी आहे. 'अलोहा ओए' लिहिणारी लिलिउओकलानी हवाईची शेवटची राणी. १८९३ साली तिला पदच्युत केलं, १८९५ साली तिच्याच राजवाड्यात कैदेत ठेवलं, तिथेही तिने गाणी रचली. त्याच १८९३चं एलन प्रेंडरगास्टचं 'काउलाना ना पुआ' चुकवू नका. नव्या सरकारशी निष्ठेची शपथ घ्यायला रॉयल हवाइयन बँडच्या वादकांनी नकार दिला, त्यावरचं. सरकारचा पैसा नको, आम्ही दगड खाऊन राहू, असं त्यात ठणकावलं आहे, आणि चाल मात्र इतकी प्रसन्न की नुसती ऐकून राग कळतच नाही.

पुढे १८९६च्या कायद्याने शाळांतून हवाइयन भाषा गेली. १९७०च्या दशकात तरुण मुलं ती पुन्हा गाऊ लागली, तेव्हा हीच गाणी हाताशी होती. त्यांतला जॉर्ज हेल्म जरूर ऐका. काहोओलावे बेटावर अमेरिकी नौदल बॉम्बफेकीचा सराव करायचं, त्याविरुद्धच्या लढ्यात तो १९७७ साली समुद्रात बेपत्ता झाला. वय सव्वीस. त्याचा उंच, पातळ आवाज अंगावर येतो.

पाटपाणी:
बाबांच्या गिटारबद्दल. मांडीवर आडवी ठेवून तारांवर पोलादी कांडी सरकवायची, ही पद्धत जोसेफ केकुकूने १९व्या शतकाच्या अखेरीस रुजवली. ताऊ मो हा हवाईत वाढलेला वादक १९४०च्या दशकात सहकुटुंब कलकत्त्याला राहिला होता, आपल्याकडे ही गिटार पसरण्यात त्याचा वाटा मोठा. १९६७च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या अल्बममधली ब्रिजभूषण काब्रांची गिटार याच घराण्यातली. बाबांना ती नक्की ऐकवा.

केवडा:
सगळ्यांचे मनापासून आभार! गाण्यांचे अर्थ कुठे मिळतील?

तंतुवेडा:
हुआपाला नावाच्या संकेतस्थळावर मूळ शब्द आणि इंग्रजी अर्थ शेजारी-शेजारी आहेत. 'हिइलावे' आधी नुसतं ऐका, मग शब्द समोर ठेवून.