मदत हवी आहे : ‘रूज’सारखे कँटोनीज प्रेमपट सुचवावेत

नमस्कार. स्टॅनली क्वान दिग्दर्शित ‘रूज’ हा हाँगकाँगचा चित्रपट नुकताच पाहिला. १९३०च्या दशकात प्रियकरासह अफू खाऊन जीव दिलेली गणिका पन्नासेक वर्षांनी भूत होऊन त्याला शोधत येते आणि त्यासाठी वर्तमानपत्रात जाहिरात देऊ पाहते, हे कथानक भडक होणे सहज शक्य होते. परंतु अनिता मुई यांनी नजरेच्या आणि सावकाश हालचालींच्या बळावर ते तोलून धरले आहे. लेस्ली चेउंग यांचा देखणा, पण ऐनवेळी कच खाणारा धनिकपुत्र मला त्याहून अवघड भूमिका वाटली (त्याचा रागही येतो आणि कीवही). मूळ कँटोनीज संवाद असलेले, अशाच संयत अभिनयाचे आणखी प्रेमपट कृपया कोणी सुचवू शकेल का? इंग्रजी उपशीर्षके चालतील, मँडरिन डबिंग मात्र नको.