देखरेख ‘संपते’, ‘माफ होते’ की ‘उठते’?

कागदवाला, सांगली
मंडळी, एक मजकूर मराठीत आणतोय आणि एका जागी अडलोय. अमेरिकेच्या फेडरल कोर्टात कैदेची शिक्षा सुनावतानाच न्यायाधीश सुटकेनंतरची काही वर्षं देखरेखीची म्हणून नेमून देतात. माणूस तुरुंगाबाहेर येतो, पण नेमलेल्या अधिकाऱ्याला भेटणं, पत्ता बदलला की कळवणं, परवानगीशिवाय हद्द न सोडणं चालूच राहतं. त्यातलं एक वर्ष झालं की त्याचं वागणं आणि न्यायाचं हित पाहून कोर्ट ही देखरेख मुदतीआधी बंद करू शकतं. या बंद करण्याला मराठीत काय म्हणावं? संपादकांनी ‘पॅरोलमुक्ती’ सुचवलंय. मला पटत नाही.

मिरजकर
पॅरोल नकोच. आपल्याकडे पॅरोल म्हणजे घरात आजारपण, मयत किंवा लग्नकार्य निघालं की मिळणारी सुट्टी. तुरुंगाच्या कागदात तिला ‘अभिवचन रजा’ म्हणतात आणि फर्लोला, म्हणजे ठरावीक शिक्षा भोगल्यावर मिळणाऱ्या रजेला, ‘संचित रजा’. दोन्हींत माणूस रजा संपली की परत आत जातो. ‘पॅरोलमुक्ती’ वाचून आमच्या गल्लीतला कुणीही म्हणेल, गेला बिचारा परत! शिवाय अमेरिकेनं १९८४ च्या कायद्यानं फेडरल पॅरोल मोडीत काढला आणि त्या जागी ही देखरेख आणली. म्हणजे जी गोष्ट काढून टाकली, तिचंच नाव आपण हिला देणार.

कोर्टकचेरी (सातारा)
वकिली करतो म्हणून थोडं लांबवतो. आपल्याकडे याला सर्वात जवळची तरतूद १९५८ च्या अपराधी परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्यात आहे. कलम ४ खाली कोर्ट दोषी माणसाला लगेच शिक्षा न देता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, म्हणजे लेखी हमीवर, सोडतं. बंधपत्र जास्तीत जास्त तीन वर्षांचं. सोबत देखरेखीचा हुकूम केला, तर तो किमान एक वर्षाचा हवा. आणि कलम ८(३) म्हणतं की परिवीक्षा अधिकाऱ्यानं अर्ज केला आणि या माणसाला आणखी देखरेखीखाली ठेवायची गरज नाही असं त्याच्या वागण्यावरून कोर्टाला पटलं, तर कोर्ट त्याला बंधपत्रातून मोकळं करू शकतं.

फरक लक्षात घ्या. आपला माणूस त्या गुन्ह्यासाठी शिक्षा भोगायला आत गेलेलाच नसतो. तिकडचा शिक्षा भोगून बाहेर आलेला असतो. त्यामुळे कलम ८(३) ची भाषा उसनी घ्या, पण ‘बंधपत्र’ हा शब्द तिकडच्या माणसाला लावू नका.

दोन शब्द तर मुळीच वापरू नका. एक ‘रद्द’. ‘जामीन रद्द’ म्हणजे आत जाणं, हे पक्षकाराच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ‘तुमचं बंधपत्र रद्द झालं’ असं सांगितलंत तर म्हातारी तिथंच मटकन बसेल. दुसरा ‘दोषमुक्त’. वर्तमानपत्रं तो आरोपातून वगळलेल्याला लावतात. इथं दोष सिद्ध झालेला आहे. कलम १२ मुळं त्या दोषापायी येणारी अपात्रता टळते, दोषसिद्धी मात्र पुसली जात नाही.

शुद्धलेखन
चर्चेत ‘परिवीक्षा’ दीर्घ वी घालून आलेलं पाहून बरं वाटलं. परि + वि + ईक्षा, म्हणजे वी दीर्घच. ‘परीक्षा’, ‘समीक्षा’, ‘प्रतीक्षा’ याच घरातले. तरी अर्ध्या सरकारी पाट्यांवर ‘परिविक्षा’ असतं.

मिरजकर
पण वकीलसाहेब, ‘परिवीक्षा’ म्हटलं की लोकांना नव्यानं नोकरीला लागलेला कारकून आठवतो. परिवीक्षाधीन!

कोर्टकचेरी (सातारा)
खरंय. म्हणूनच पक्षकार ‘प्रोबेशनवाले साहेब’ म्हणतात आणि मोकळे होतात.

माणदेशी
आमच्या बाजूला यासाठी जुना शब्द हाय, ‘हजेरी’, म्हंजे ठरल्या वेळी सरकारी माणसापुढं जाऊन हजर असल्याचं दाखवायचं. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असायचा. हजेरी लागली, हजेरी सुटली. ‘हजेरी सुटणं’ कसं वाटतंय?

कागदवाला, सांगली
दादा, कानाला फार गोड लागतंय.

ओगलेवाडी
गोड लागलं तरी घेऊ नका, कागदवाले. ती हजेरी कुठल्या कोर्टानं लावलेली नव्हती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्यांनी अख्ख्या जमातींवर जन्मानंच शिक्का मारला. पोरानं काही केलेलं नसताना त्याचं नाव रजिस्टरात चढायचं. शेजारी कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये हजेरी बंद केली. कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडलं. कागदवाल्यांच्या मजकुरातल्या माणसाचा गुन्हा शाबीत झालाय, त्याच्या नावानं हुकूम निघालाय, आणि आता त्याच्याच वागण्यामुळं तो हुकूम मागं घेतला जातोय. हजेरीत वागण्याला किंमत नव्हती, हाच तर तिचा अन्याय. दोन्ही एका शब्दात बसवले तर त्या लोकांवर दुसऱ्यांदा अन्याय होईल.

माणदेशी
पटलं. शब्द मागं घेतो.

ओगलेवाडी
‘माफ’ही त्याच कारणासाठी नको. फी माफ, शेतसारा माफ, यात देणाऱ्याची मेहेरबानी असते. मी ‘उठवणे’ सुचवते. जप्ती उठते, बंदी उठते, जमावबंदी उठते. लावलेली गोष्ट ज्याला अधिकार आहे त्यानं काढून घेतली की मराठी माणूस ‘उठवली’ म्हणतो. त्यात माफी नाही आणि निर्दोष ठरवणंही नाही.

कोर्टकचेरी (सातारा)
ताई, नेमकं. ‘संपली’ म्हटलं की मुदत भरून आपोआप संपली असं वाटतं. ‘उठवली’ म्हटलं की कुणीतरी विचार करून हुकूम केलाय हे कळतं.

कागदवाला, सांगली
मग अजून एक. मजकुरात पुढं आहे की ज्यांच्यापासून आता धोका नाही अशांची देखरेख उठवावी. ‘निरुपद्रवी’ चालेल?

मिरजकर
निरुपद्रवी पाल असते हो.

ओगलेवाडी
‘निर्धोक’ सुंदर आहे, पण तो रस्त्याला, प्रवासाला लागतो. माणसाला लावला की ओढून ताणून वाटतो. माणसाला विशेषणच कशाला चिकटवायचं? ‘ज्यांच्यापासून आता धोका उरलेला नाही’ असं सरळ लिहा. ‘उरलेला’ ठेवा. पूर्वी होता, हे त्यातून न बोलता कळतं.

कोर्टकचेरी (सातारा)
आपला कायदा तर धोक्याची भाषाच करत नाही, देखरेखीची गरज उरली का एवढंच विचारतो. मला ते जास्त प्रामाणिक वाटतं. पुढं धोका नाही हे कोण छातीठोकपणे सांगणार? आतापर्यंतचं वागणं मात्र कागदावर दाखवता येतं. पण तुमच्या मूळ मजकुरात धोकाच असेल तर धोकाच लिहा. भाषांतरात कायदा दुरुस्त करू नका.

कागदवाला, सांगली
तर वाक्य असं झालं: ‘न्यायालयाने त्याच्यावरील देखरेख मुदतपूर्व उठवली.’

कोर्टकचेरी (सातारा)
‘मुदतपूर्व’ काढा. ‘मुदतपूर्व सुटका’ हा आपल्याकडे जन्मठेपेच्या कैद्यांसाठी रुळलेला शब्द आहे, वाचक परत तुरुंगाच्या दारात जाईल. ‘मुदतीआधी’ लिहा. अर्जाला ‘देखरेख उठवण्याचा अर्ज’. संपादक ‘पर्यवेक्षण समाप्ती’ करायला बघतील, तेवढं मात्र अडवा.