हिडकलच्या पाण्यासाठी 14 फुटी होडीला किती अश्वशक्तीचे इंजिन घ्यावे?

प्रश्न (हुक्केरी):
हिडकल जलाशयात मासेमारीसाठी आमच्याकडे 14 फूट लांबीची फायबरची होडी असून तिघे जण, जाळी आणि बर्फाची पेटी मिळून सुमारे 300 किलो भार होतो. वल्ही मारून वडिलांचे खांदे दुखतात. विक्रेता 15 अश्वशक्तीचे इंजिन सुचवतो. ते योग्य ठरेल का?

उत्तर (बेळगाव):
दादा, आधी होडी बांधणाऱ्याला कमाल अश्वशक्ती विचारा आणि ती ओलांडू नका, कारण जड इंजिनाने मागची बाजू खाली बसून लाटेचे पाणी आत येते. पाणी कापत जाणाऱ्या होडीचा वेग तिच्या पाण्याला टेकलेल्या भागाच्या लांबीवर ठरतो; तुमच्या 14 फुटी होडीत ती सुमारे 13 फूट धरू. 13 फुटांना तो ताशी सुमारे 9 किलोमीटर येतो आणि तेवढ्यासाठी 5-6 अश्वशक्ती पुरते. जाळी टाकणाऱ्याला त्याहून अधिक वेग कशाला हवा?

उत्तर (चिकोडी):
मी मात्र 8 घेईन. हिडकल समुद्रसपाटीपासून 600 मीटरहून उंच असल्याने विरळ हवेत इंजिनाची ताकद सुमारे 6 टक्के घटते, शिवाय पावसाळ्यात समोरून वारा आला तर थोडी ताकद राखीव असलेली बरी. इंजिन बसते त्या मागच्या फळीची उंचीही मोजा: 15 इंचाला इंजिनापासून पंख्यापर्यंतचा दांडा आखूड, 20 इंचाला लांब लागतो. आमच्या कृष्णाकाठी एकाने चुकून लांब दांडा घेतला आणि उन्हाळ्यात त्याचा पंखा गाळात रुतू लागला.

प्रश्नकर्ता:
फळी 15 इंच भरली आणि बांधणाऱ्याने कमाल 10 सांगितली. म्हणून आखूड दांड्याचे 8 अश्वशक्तीचे इंजिन घेतो, आणि तिघांसाठी जीवरक्षक जाकिटेही.