अनुभव धागा : फुटलेल्या जुन्या बाटल्या आणि त्यांचे जोडीदार

लालबागची खोली रिकामी करताना पोटमाळ्यावरून आजोबांची गोटी सोड्याची बाटली माझ्या हातून निसटली. बाबा एक अक्षर बोलले नाहीत, तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले. गोटी तेवढी शाबूत आहे. तशीच बाटली कुणी शोधलीय का? सापडली तर ती घरात रुळली का? जे असेल ते लिहा.

गिरगावातून
आधी तुकडे टाकू नका! तळ, तोंड आणि उठावाची अक्षरं असलेला तुकडा धुऊन ठेवा. अक्षरं फोटोत नीट येत नाहीत. पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासा, लख्ख उमटतात. मी समईची काच शोधायला म्हणून चोरबाजारात मटण स्ट्रीटला गेलो आणि बाटल्यांच्या नादी लागलो, तो आजतागायत. दुकानदार मोबाइलकडे बघत नाही, तुकडा हातात मागतो.
गोटीच्या बाटलीचं पेटंट हायरम कॉड या इंग्रजाने 1872 मध्ये घेतलं, पण ती आपल्याकडे अजूनही नवीन बनते. माती चोळून ‘साहेब, ब्रिटिश टाइम’ म्हणून गळ्यात मारतात. तळ बघा. खरी वापरलेली असेल तर ओरखडे वेडेवाकडे, सगळ्या दिशांना असतात. पॉलिश पेपरने घासलेली एका रेषेत कळते.

मुलुंडहून
आमची औषधाची होती. कंपाउंडर कागदाच्या पट्टीला कात्रीने खाचा पाडून डोसांसाठी चिकटवायचा, ती पट्टीसुद्धा टिकली होती. आजी तिच्यात गंगाजल ठेवायची. फुटल्यावर मी दुसरी आणली. साच्याच्या जोडाची रेघ थेट ओठापर्यंत गेलेली, म्हणजे यंत्रावरची. आमचीची मानेतच संपत होती. मला वाटलं, आजी नाक मुरडणार. तिने बाटली उजेडात धरली, कात्री मागितली आणि मला पट्टी कापायला बसवलं. खाचा सहा हव्यात म्हणाली.

दादरहून
अत्तराच्या कुपीचं नुसतं बूच फुटलं तर दुसरं शोधण्यात दिवस घालवू नका. जुनी काचेची बुचं त्या-त्या तोंडाला घासून बसवलेली असायची. मी सात आणली, सातही डुगडुगली. शेवटी कापसाचा बोळा.

परळहून
धागाकर्त्याला : ती गोटी नव्या बाटलीत घालायचा विचार असेल तर सोडा. गोटी आत टाकल्यावरच तोंड अरुंद करतात. आम्ही पोरांनी गोट्यांपायी किती बाटल्या फोडल्या त्याचा हिशोब नाही, म्हणून तर जुन्या मिळत नाहीत.

धागाकर्ता, लालबाग
शुक्रवारी बाबांना घेऊन चोरबाजारात गेलो. एक बाटली दिसली. हिरवा रंग अगदी तोच, अक्षरांची जागा मात्र कोरी. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, तळ फिरवून पाहिला, अंगठ्याने गोटी दाबली. “आपली नाही,” म्हणाले, आणि खिशातून पाकीट काढलं. घासाघीससुद्धा केली नाही, बाबांनी! अक्षरांचा तुकडा अजून वर्तमानपत्रातच आहे.