एस्पू (फिनलंड) मराठी ग्रुप: शेल्टरमधला सोफा

सुजाता: बी जिन्याच्या शेल्टरमध्ये, म्हणजे युद्ध-किरणोत्सर्गात आसरा घ्यायच्या खोलीत, परत सोफा आलाय. नाव घेत नाही. गरज पडली की ती खोली ७२ तासांत रिकामी करून वापरायला तयार हवी, हा फिनलंडचा नियम आहे, माझा हट्ट नव्हे.

निखिल: ७२ तासांत सोफा पुण्याला पोचेल ताई 😄

रेवती: सगळ्यांनी घरात रोख पैसे आणि बॅटरीवरचा रेडिओ ठेवा.

मिलिंद: सोफा तासाभरात निघेल. भिंतीत भोकं पाडून फळ्या ठोकल्यात त्यांचं काय? आरपार भोक पडलं की हवाबंदपणा संपला. स्टीलच्या दाराच्या रबरी पट्टीवरही कोणीतरी रंग फासलाय. रंगवलेलं रबर नीट दबत नाही. दार लागतं, फट राहते. दहा वर्षांनी होते त्या तपासणीत हे निघालं की खर्च सगळ्यांच्या मेंटेनन्समधून.

निखिल: फळ्यांना मीटिंगमध्ये परवानगी मिळाली होती. मिनिट्स वाचावेत, ही विनंती.

सुजाता: परवानगी सुट्या रॅकची होती. असो.

अनघा: भोंगा वाजला की थेट खालीच पळायचं ना?

मिलिंद: नाही! आधी घरात. दारं, खिडक्या, व्हेंटिलेशन बंद, रेडिओ चालू. एक मिनिट चढता-उतरता आवाज म्हणजे खरा धोका. महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी १२ ला ७ सेकंद एकसुरी वाजतो ती चाचणी. शेल्टरमध्ये जायचा आदेश वेगळा येतो.

रेवती: म्हणूनच रेडिओ. आणि रोख.

देशपांडे काका: आमच्या रो-हाउसला शेल्टरच नाही. वर्गणी मात्र सारखी.

मिलिंद: काका, रहिवासी बांधकाम १२०० चौ. मी. किंवा जास्त असेल तरच सक्ती. देशभरात सुमारे ५०,५०० शेल्टर, ४८ लाख लोकांची सोय.

देशपांडे काका: लोकसंख्या ५६ लाख. म्हणजे उरलेले आम्ही.

निखिल: काका 😂 आमच्याकडे या, प्रत्येकी पाऊण चौ. मी. जागा आहे. सोफा पण आहे.

अनघा: किरणोत्सर्गावरची आयोडीनची गोळी?

सुजाता: गोळी चाळिशीपर्यंतच्यांसाठी, तीही अधिकाऱ्यांनी सांगितल्यावरच. फक्त थायरॉइड वाचतं, बाकी शरीर नाही. पाणी महत्त्वाचं: माणशी रोज २ लिटर, तीन दिवसांचे ६.

रेवती: रोख पण. वीज गेली की कार्ड चालत नाही.

निखिल: वाचलं हो ताई. तिन्ही वेळा.

सुजाता: शनिवारी ११ ला खाली या, हातमोजे घेऊन. व्हेंटिलेशन यंत्राचा हँडल फिरवून बघू, वीज नसताना तेच चालवायचंय.

निखिल: अल्पोपहार?

सुजाता: फिल्टरच्या सीलला कोणीही हात लावायचा नाही. निखिल, विशेषतः तू.